एका सहीत काम होतं म्हणून चीन पुढे गेला?

‘१९९० साली भारत आणि चीन सारखेच गरीब होते, किंबहुना आपणच थोडे बरे होतो. आज चिनी माणसाचं उत्पन्न आपल्या पाचपट आहे. कारण तिथे एका सहीत काम होतं. आपल्याकडे निवडणुका, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या. वीस वर्षं लोकशाही कुलुपात ठेवा आणि मग बघा.’ फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातला पाचपटीचा आकडा ढोबळमानाने बरोबर आहे. चीनची झेप खरी आहे, तिच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘कारण’ या शब्दापुढे जे लिहिलंय त्याच्याशी.

आधी ‘१९९० साली दोघे सारखेच’ घेऊ. जागतिक बँकेच्या आकड्यांत तसं दिसतं खरं: दरडोई उत्पन्न चीनचं सव्वातीनशे डॉलरच्या आसपास, भारताचं साडेतीनशेच्या थोडं पुढे. पण १९८० साली एका डॉलरला दीड युआन मिळत होते आणि १९९० साली जवळपास पाच. चलन इतकं घसरलं की दहा वर्षं झपाट्याने वाढलेली अर्थव्यवस्थाही डॉलरमध्ये मोजल्यावर किरकोळ दिसते. त्यापेक्षा माणसं मोजा. आपल्या १९९१च्या जनगणनेत साक्षरता ५२ टक्के होती, स्त्रियांची ३९. चीनच्या १९९०च्या जनगणनेत प्रौढ साक्षरता ७८ टक्क्यांच्या घरात. सरासरी आयुर्मानात ते आपल्यापेक्षा सुमारे दहा वर्षांनी पुढे होते. परदेशी कंपनी कारखाना काढायला आली तेव्हा तिला लिहिता-वाचता येणाऱ्या, धडधाकट मुली हजारोंनी मिळाल्या, त्या यामुळे.

यावर लगेच उत्तर येतं की शाळा आणि दवाखानेही हुकूमशाहीनेच दिले. दिले, खरंय. पण त्याच १९९१ साली केरळात साक्षरता ९० टक्क्यांच्या जवळ होती आणि तिथे सरकारं मतपेटीतून आलटून पालटून येत होती. आपण बाकीच्यांनी ते केलं नाही, याचा दोष निवडणुकीवर कसा ढकलायचा?

‘एका सहीत काम’ हा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण चीनच्या सुधारणांची सर्वांत प्रसिद्ध सही बेकायदा होती. १९७८च्या शेवटी आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप करार करून कम्यूनची, म्हणजे सरकारी हुकमाने सामुदायिक केलेली, जमीन आपापसांत वाटून घेतली. सरकारचा वाटा देऊन उरलेलं धान्य ज्याचं त्याचं. कुणाला तुरुंगात जावं लागलं तर त्याची मुलं बाकीच्यांनी सांभाळायची, हेही ठरलं होतं. ही पद्धत आधी काही प्रांतांच्या नेत्यांनी चालू दिली आणि बीजिंगने ती मागाहून स्वीकारली. १९७८ साली चीनचं धान्य उत्पादन तीस कोटी टनांच्या थोडं वर होतं, १९८४ साली ते चाळीस कोटींच्या पुढे गेलं. हुकूम, सही, शिक्का हे सगळं कम्यूनमध्ये आधी वीस वर्षं होतंच. पीक वाढलं ते हुकूम मागे घेतल्यावर.

गावोगावच्या कारखान्यांचंही तेच. खेड्यांनी आणि छोट्या शहरांनी काढलेल्या या उद्योगांत १९७८ साली पावणेतीन-तीन कोटी लोक होते, १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेरा कोटींच्या आसपास. हे आपल्याला अपेक्षितच नव्हतं, असं चीनच्या सुधारणांचे सूत्रधार डेंग श्याओपिंग यांनीच १९८७ साली सांगितलं होतं. शेन्झेनसारखी विशेष आर्थिक क्षेत्रं १९८० साली वरून आखली गेली, हे खरं. पण तीही शेजारच्या हाँगकाँगचं भांडवल आणि ऑर्डरी आल्या म्हणून फळली. तो शेजार नकाशाने दिला होता.

चीनमध्ये सरकारी खर्चातला सुमारे ८५ टक्के पैसा प्रांत, शहरं आणि जिल्हे खर्च करतात. तिथले महापौर लोकांनी निवडलेले नसतात, पण जमीन, पैसा आणि निर्णय त्यांच्या हाती असतो आणि शहराची भरभराट झाली तर त्यांची बढती होते. आपल्याकडे शहरांच्या कारभाराला घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १९९२ साली झाली. तरी देशातल्या सगळ्या महापालिका-नगरपालिकांचं उत्पन्न मिळून जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपास घुटमळतं. महापौर हारतुरे घेतो, कारभार राज्याने पाठवलेला आयुक्त करतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई आणि पुण्याच्या महापालिका तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवक नाहीत, सभा नाही, विरोध नाही, म्हणजे मेसेजला हवी तशी एका सहीची व्यवस्था. त्या काळात रस्ते शांघायसारखे झाले का, ते मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनीच सांगावं.

आता ‘लोकशाहीने आपल्या सुधारणा अडवल्या’. इथे मेसेजला अर्धे गुण देतो. रेडिमेड कपडे, खेळणी, चामड्याच्या चपला अशा वस्तू आपण लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या. ही यादी आठशेच्या वर गेली आणि शेवटच्या वीस वस्तू त्यातून निघायला २०१५ उजाडलं. नेमक्या असल्याच वस्तू चीनच्या अवाढव्य कारखान्यांनी जगभर विकल्या. ती यादी मोडायला सरकारं कचरली ती मतांच्या भीतीने, यात शंका नाही.

पण उद्योजक ज्या दोन कायद्यांच्या नावाने वर्षानुवर्षं कपाळाला हात लावत आले, ते कधी आले ते पाहा. तीनशेच्या वर कामगार असतील तर कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी हवी, ही औद्योगिक विवाद कायद्यातली तरतूद १९७६ची. शहरांतल्या मोकळ्या जमिनी अडकवून मुंबईत घरं महाग करणारा नागरी जमीन कमाल धारणा कायदाही १९७६चाच. महाराष्ट्राने तो २००७ साली रद्द केला. १९७६ म्हणजे आणीबाणी. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, मोर्चे बंद. कणखर हात हवा म्हणता, तर तो होता आणि त्याने हे दिलं. कपातीची मर्यादा पुढे १९८२च्या दुरुस्तीने शंभरावर आणली गेली, तो भाग मात्र निवडून आलेल्या सरकारचा.

याच्या उलट, १९८४ साली चारशेच्या वर खासदार घेऊन आलेल्या सरकारला लायसन्स राज, म्हणजे कारखान्यासाठी सरकारी परवाना घ्यायची सक्ती, मोडता आलं नाही. ते जुलै १९९१ मध्ये मोडलं नरसिंह राव आणि मनमोहन सिंग यांनी, लोकसभेत बहुमत नसताना. सोनं गहाण पडलं होतं, परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं होतं, हे आहेच. पण ते संकट आलं म्हणून संसद बंद करावी लागली नाही. पुढची सगळ्यात वेगवान वर्षंही आघाडी सरकारांच्याच काळातली.

कोर्टकचेऱ्यांचं थोडक्यात. जमीन घ्यायला आपल्याकडे २०१३ अखेरपर्यंत इंग्रजांचा १८९४चा कायदा होता, मालकाची संमती नसली तरी जमीन घेऊ देणारा. कोयना धरणासाठी लोकांना उठवताना सरकारचे हात कुणी बांधले नव्हते. रखडलं ते त्यांचं पुनर्वसन.

राहिली ती वीस वर्षं कुलूप लावण्याची सूचना. कुलूप लावल्यावर सुधारणा करणारा डेंग येईल की त्याच्या आधीचा हुकूमशहा माओ, हे कोण ठरवणार? पक्ष तोच, सत्ता तशीच, आणि १९५९ ते १९६१च्या दुष्काळात माओच्या चीनमध्ये किमान दीड कोटी माणसं मेली. काही अभ्यासकांच्या मते तीन कोटींहून जास्त. धान्य नसताना भरघोस पिकाचे अहवाल वर जात होते आणि ते खोटे आहेत म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. पाकिस्तानने तर लष्करशहांच्या हाती तीनदा किल्ली देऊन पाहिली आहे.

आणि महाराष्ट्राचं एक उदाहरण आहे. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने तीन मुलं असलेल्या जोडप्यांसाठी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, नसबंदीचा राग उत्तर भारतात मतपेटीतून बाहेर पडला, केंद्रातलं सरकार गेलं आणि ते विधेयक कागदावरच राहिलं. चीनने एक मुलाचं धोरण १९८० साली आणलं. ते सोडायचं ठरवायला २०१५ उजाडलं. २०२२पासून तिथली लोकसंख्या घटते आहे आणि मुलं व्हावीत म्हणून सरकार आता आईबापांना पैसे देतं आहे.