व्हेंजन्सला ‘भंगार’ म्हणण्याआधी

‘अमेरिकेनं नाकारलेलं भंगार ब्रिटिशांनी हिंदी वैमानिकांच्या गळ्यात मारलं. आराखडाच चुकल्यामुळे त्याचे पंख वाकडे होते. शत्रूच्या लढाऊ विमानांपुढे ते टिकूच शकत नव्हतं, त्यामुळे ब्रह्मदेशात त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.’ दुसऱ्या महायुद्धातल्या व्हल्टी व्हेंजन्स या डाइव्ह बॉम्बरबद्दलचा, म्हणजे सूर मारत खाली येऊन बॉम्ब टाकणाऱ्या विमानाबद्दलचा, हा मजकूर हातोहात फिरतो. परक्या सत्तेनं आपल्या माणसांना अनेकदा दुय्यम वागवलं, त्यामुळे तो चटकन पटतो. मात्र यातलं बरंचसं चुकीचं आहे. शिवाय ज्यांची बाजू घेतल्यासारखं वाटतं, त्या वैमानिकांचं कामच यात पुसलं जातं, आणि मला ते सहन होत नाही.

आधी ‘नाकारलेलं’ या शब्दाबद्दल. हे विमान मुळात अमेरिकेनं स्वतःसाठी मागवलेलंच नव्हतं. कॅलिफोर्नियातली व्हल्टी कंपनी ते फ्रान्सच्या हवाई दलासाठी आखत होती. जून 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि ब्रिटननं मागणी नोंदवली. जर्मनांच्या स्टुका या डाइव्ह बॉम्बरनी युरोपात काय केलं ते ताजं होतं, तसं विमान आपल्याकडेही हवं असं ब्रिटिशांना वाटत होतं. पहिलं उड्डाण मार्च 1941 मध्ये झालं. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेनं काही विमानं स्वतःकडे घेतली, पण ती आघाडीवर नेली नाहीत, हे खरं. सराव आणि नेमबाजीची निशाणं ओढणं यावरच ती राबली. एकूण 1,900 हून जास्त विमानं तयार झाली. राइट कंपनीचं त्यातलं 14 सिलिंडरचं इंजिन त्याच जातीचं होतं, जे मिचेल बॉम्बरवर आणि नौदलाच्या अ‍ॅव्हेंजरवर बसत असे. याला भंगार कसं म्हणायचं?

पंखांचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात एक खरी गोष्ट आणि एक गैरसमज यांची सरमिसळ झाली आहे. वरून पाहिलं तर पंख खरोखरच वेडेवाकडे दिसतात. विमानाच्या गुरुत्वमध्याचा हिशोब चुकला होता. सगळा पंख नव्यानं आखण्याऐवजी त्याचा मधला भाग मागे वळवून तो हिशोब जुळवला गेला. इथवर मजकूर बरोबर आहे. पण विमान उडवताना वैमानिकाला जी अडचण यायची, तिचं मूळ या वाकात नव्हतं. तिचं कारण वेगळं होतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं होतं.

बहुतेक विमानांचे पंख धडाशी किंचित वर उचललेल्या कोनात बसवतात, म्हणजे सरळ उडताना धड आडवं राहूनही पंखांना उचल मिळते. पण असं विमान नाक खाली करून सरळ उभ्या रेषेत सुटलं, तरी पंखांची उचल चालूच राहते आणि विमान रेषेतून सरकू लागतं. वैमानिकाला दांडा दाबून ते सतत आवरावं लागतं, नेम हलतो. व्हेंजन्सचा पंख धडाशी शून्य अंशात बसवला होता. त्यामुळे ते खरोखर 90 अंशांत, ओळंब्यासारखं खाली येऊ शकत असे. पंखांच्या वरखाली उघडणारे जाळीदार ब्रेक वेग आटोक्यात ठेवत. असा उभा सूर मारणारी विमानं त्या युद्धात फार नव्हती. याची किंमत इतर वेळी मोजावी लागे. सरळ उडताना नाक वर राहायचं, समोरचं कमी दिसायचं, उतरताना तर फारच कमी. ही चूक नव्हे, ही निवड होती. पुढच्या आवृत्तीत पंखाला चार अंशांचा कोन दिला गेला, पण ब्रह्मदेशातली लढाई लढली ती आधीच्याच आवृत्त्यांनी.

‘हिंदी वैमानिकांच्या गळ्यात’ म्हणणाऱ्यांनी स्क्वाड्रनची यादी पाहावी. ब्रिटिश हवाई दलाची 45, 82, 84 आणि 110 ही चार स्क्वाड्रन याच आघाडीवर हेच विमान उडवत होती. ऑस्ट्रेलियानंही ते न्यू गिनीत वापरलं. हिंदी हवाई दलाची दोन स्क्वाड्रन होती, 7 आणि 8. आपल्या दलाला आधी वापिटीसारखी जुनी विमानं मिळाली, ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. ती व्हेंजन्सवर चिकटवायचं कारण नाही.

लढाऊ विमानांपुढे ते दुबळं होतं, हे मान्य. ऑगस्ट 1940 मध्ये ब्रिटनवर स्टुकांचे जे हाल झाले, तेच याचेही झाले असते. इंजिन तेल भरमसाट खायचं, उष्णता आणि धूळ यांत मेकॅनिकांचा जीव मेटाकुटीला यायचा. पण 1944 च्या ब्रह्मदेशात अडचण वेगळी होती. जपानी सैनिक डोंगरमाथ्यांवर ओंडके आणि माती रचून केलेल्या खंदकांत बसले होते, आपलं पायदळ हाकेच्या अंतरावर. उंचावरून सपाट उडत टाकलेले बॉम्ब तिथे जंगलात पडणार, नाहीतर आपल्याच माणसांवर. तोफखाना किंवा उखळी तोफा धुराचा गोळा टाकून निशाण दाखवत, आणि व्हेंजन्सची तुकडी दहा-बारा हजार फुटांवरून एकामागून एक सूर मारत त्यावर येई. पोटात 500 पौंडांचे दोन बॉम्ब, पंखांखाली 250 चे दोन. मागच्या सीटवरचा गनर उलटा, आकाशाकडे तोंड करून खाली जात असे. त्याच्या धैर्याबद्दल कुणी लिहीत नाही.

8 क्रमांकाचं स्क्वाड्रन डिसेंबर 1943 पासून चितगावकडून आराकानवर, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीवर, लढलं. 7 क्रमांकाचं सिलचरजवळच्या उदरबंदहून इम्फाळच्या लढाईत उतरलं; हेमांगो चौधुरी त्याचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली प्रताप चंद्र लाल होते. ब्रह्मदेशातल्या कामगिरीसाठी लाल यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं, आणि 1971 च्या युद्धात तेच आपल्या हवाई दलाचे प्रमुख होते.

आणि शेवटी व्हेंजन्स आघाडीवरून काढलं का? काढलं, 1944 मध्येच. ब्रिटिश स्क्वाड्रनना मॉस्किटो मिळाली, 7 क्रमांकाला हरिकेन. 8 क्रमांकाला मिळाली स्पिटफायर, आणि ती मिळवणारं ते हिंदी हवाई दलातलं पहिलं स्क्वाड्रन होतं.