माझं उदाहरण देऊ नका

घरच्या ग्रुपवर परत आरक्षणावरून जुंपलीय आणि आमच्या आत्तेभावानं, म्हणजे दादानं, त्यात मला ओढलंय. म्हणे, ‘जर्मनीत बघा, कोण जात विचारत नाही, नुसतं मेरिट, म्हणून आपला माणूस म्युनिकपर्यंत पोचला.’

जात विचारत नाहीत हे खरंय. पण इथं बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथं, पोरांचा फैसला चौथीतच होतो, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाची सरासरी २.३३ पर्यंत असली (इथं १ हा सगळ्यात चांगला ग्रेड) तर गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडं नेणारी शाळा, नाहीतर बसा. दहा वर्षांचं पोर हो! आमच्या बिल्डिंगीत बेलच्या पाटीवर ‘डॉ.’ लावलेली दोन घरं आहेत, त्यांच्याकडं चौथीच्या वर्षी सगळं घरच परीक्षेला बसतं. खालच्या मजल्यावरच्या तुर्की बाई पहाटे ऑफिसं झाडायला जातात, त्यांच्या पोराचा जर्मन निबंध तपासणार कोण? त्याच पोरानं आमच्या मुलीला जिन्यात बसून भागाकार शिकवला, मला जमला नव्हता तितका सोपा करून. गेल्या वर्षी तो मिटेलशूलेला, म्हणजे कामधंद्याकडं नेणाऱ्या शाळेला, गेला. मेरिट म्हणे.

ओईसीडी म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना, तिचा २०१८ चा एक अहवाल आहे, त्यात हिशोब मांडलाय की तळातल्या घराला सरासरी कमाईपर्यंत यायला किती पिढ्या लागतील. भारतात ७, जर्मनीत ६. एका पिढीच्या फरकावर एवढा टेंभा? डेन्मार्कात २ लागतात, त्यामुळं वादात मी हल्ली डेन्मार्कच पुढं करतो, सोयीचं पडतं.

आणि दादा, २०२४ ला मराठ्यांना १० टक्के जाहीर झाले तेव्हा पेढे कुणी वाटले होते? ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखून ठेवल्या तिथं बसून तुम्ही मला मेरिट सांगता. आजोबा बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले म्हणून बाबा कारकून झाले, बाबांचा पगार एक तारखेला यायचा म्हणून मी सरकारी कॉलेजात नाममात्र फी भरून इंजिनिअर झालो. ह्यात माझं एकट्याचं असं कितीसं निघतं?

बरं, पोचलो म्हणजे तरी कुठं? गावी गेलो की आत्या खुर्ची पदरानं पुसून देते आणि दादा स्वतः पायरीवर बसतो, लहानपणी ज्यानं मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं तो आता ‘तुम्हाला चालेल ना?’ विचारतो. खूप लागतं ते. इथं कँटीनमध्ये जानेवारी उजाडला की ऑस्ट्रियातल्या तिरोलमधल्या स्कीईंगच्या गप्पा, सगळे तीन वर्षांचे असल्यापासून बर्फावर, मी मुकाट जेवतो. पगार त्यांच्याएवढाच आहे, काही वेळा जास्तच.

आमची मुलगी यंदा चौथीत आहे. जर्मनची शिकवणी सप्टेंबरातच लावलीय, तासाला ३५ युरो. परवडतं म्हणून लावलीय, हे तेवढं ग्रुपवर टाका कुणीतरी.