अँटिबायोटिक सुरू झाली म्हणून पॅच काढायचा नसतो

‘पॅच लावणाऱ्या ताईंनो, सावधान!’ असा एक मेसेज कोल्हापुरात भिशीच्या ग्रुपपासून शाळेतल्या पालकांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की गर्भनिरोधक पॅच लावला असेल तर अँटिबायोटिक किंवा तापाची गोळी घेताना तो काढून ठेवा आणि औषध संपलं की परत लावा. टीबीच्या आणि फिटच्या गोळ्या मात्र चालतील, कारण त्या पोटात जातात आणि पॅच कातडीवर असतो. पुढे आंघोळीत हॉर्मोन धुऊन जातं म्हणून वरून चिकटपट्टी मारा, चहा आणि तांबडा रस्सा बंद करा, मिश्रीला धूर नसतो म्हणून ती चालते, वगैरे. आमच्या घरातल्याच एका मुलीनं घशासाठी दिलेल्या अझिथ्रोमायसिनच्या पहिल्या गोळीला पॅच सोलून कचऱ्यात टाकला, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. जागतिक आरोग्य संघटनेची एक मार्गदर्शिका आहे. कुठल्या बाईला कुठलं गर्भनिरोधक चालतं हे तिच्यात 1 ते 4 अशा श्रेणींत दिलंय. 1 म्हणजे खुशाल वापरा, 4 म्हणजे अजिबात नको. नेहमीच्या अँटिबायोटिक आणि पॅच ही जोडी श्रेणी 1 मध्ये आहे. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, काहीही घ्या, पॅच जागेवरच राहू द्या. पॅरासिटामॉल आणि ॲसिडिटीच्या गोळीचं तर नावही काढायला नको. जुलाब-उलट्या झाल्या तरी पॅचला फरक पडत नाही, हॉर्मोन पोटातून जातच नाही.

काढल्यावर काय होतं ते बघा. पॅच दर आठवड्याला बदलत तीन आठवडे लावायचा आणि चौथा आठवडा मोकळा सोडायचा. हा मोकळा काळ सात दिवसांच्या वर जाता कामा नये. त्या सात दिवसांतच बीजकोश जागा व्हायला लागतो. मोकळा आठवडा संपता संपता घसा धरला आणि मेसेज वाचून पाच दिवस पॅच लावलाच नाही, तर सातचे बारा दिवस झाले. एवढ्यात बीज सुटू शकतं. म्हणजे दिवस राहतील या भीतीनं पॅच काढायचा आणि त्यानंच दिवस ओढवून घ्यायचे.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकतो. रिफाम्पिसिन हीसुद्धा अँटिबायोटिकच. 1970 च्या दशकात ती घेणाऱ्या टीबीच्या रुग्णांना गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना दिवस गेले आणि तेव्हापासून सगळ्याच अँटिबायोटिक बदनाम झाल्या. म्हणजे मेसेजवाल्यानं जिथं सावध करायचं तिथं ‘चालेल’ म्हटलंय आणि जिथं काही नाही तिथं घाबरवलंय. पॅचमधलं हॉर्मोन कातडीतून शिरलं तरी शेवटी रक्तातूनच फिरतं, आणि रिफाम्पिसिन यकृताला ते भराभर मोडायला लावते. लघवी केशरी करते तीच ही गोळी. ती चालू असेपर्यंत आणि बंद झाल्यावरही चार आठवडे पॅचवर विसंबायचं नाही. दोन पॅच लावून हे भरून निघत नाही. टीबीचा कोर्स निदान सहा महिन्यांचा, तेव्हा सरळ साधन बदला. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन चालतं, गर्भाशयाचा टीबी नसेल तर कॉपर टीही. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

फिटच्या औषधांत फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन हेच करतात. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे. तिथं पॅचमुळं औषधच रक्तात कमी पडतं आणि थांबलेली फिट परत येऊ शकते. डॉक्टरांना पॅचबद्दल सांगा. नवऱ्यासमोर सांगायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, पण सांगा. मन शांत ठेवणाऱ्या ‘हर्बल’ कॅप्सूल ऑनलाइन मागवत असाल तर डबीवर सेंट जॉन्स वर्ट लिहिलंय का बघा. तीही रिफाम्पिसिनसारखीच पॅच निकामी करते. थायरॉईडची गोळी चालू असेल तर पॅच सुरू केल्यावर दोनेक महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या, डोस वाढवावा लागू शकतो.

आंघोळीनं किंवा जोतिबाचा डोंगर चढून आलेल्या घामानं हॉर्मोन वाहून जात नाही. पॅच सुटतो तो तेलानं. खोबरेल, लोशन, पावडर लावलेल्या कातडीवर तो धरत नाही. जागा साबणानं धुऊन कोरडी करा आणि दहा सेकंद तळव्यानं दाबून धरा. दंडाची बाहेरची बाजू, पोट, कुल्ला किंवा पाठीचा वरचा भाग चालतो. छातीवर लावायचा नाही, आणि परकराच्या नाडीखालीही नको, घासून कडा उचलतात. चिकटपट्टीनं दाबून ठेवू नका, सुटला तर नवा लावा.

रश्श्याचा काही संबंध नाही, वाटीवर वाटी होऊ द्या. चहाचं एवढंच की पॅचमधल्या इस्ट्रोजेन या हॉर्मोनमुळं कॅफिन शरीरातून हळू निघतं, रात्रीच्या चहानं झोप उडेल.

मिश्रीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पस्तिशीनंतर दिवसाला 15 किंवा जास्त सिगारेटी ओढणारीला पॅच श्रेणी 4. त्या तक्त्यात मिश्री नाही, पण ती तंबाखूच, आणि निकोटिन हिरडीतून रक्तात जाऊन बीपी चढवतं. बीपी 140/90 च्या वर असेल तर पॅच शक्यतो नको, 160/100 ला अजिबात नको. मिश्री लावत असाल तर आधी बीपी मोजा. पॅच चालू असताना एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत कळ किंवा अचानक भयंकर डोकेदुखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मेसेज वाचून पॅच काढलाच असेल आणि 24 तास झाले नसतील, तर लगेच नवा लावा, बदलायचा वार तोच राहील. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर आज नवा लावा, आजपासून नवं चक्र धरा आणि सात दिवस निरोध वापरा. मधल्या काळात संबंध आला असेल तर 72 तासांच्या आत लेव्होनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्या, जितकी लवकर तितकी बरी, आणि तीन आठवड्यांनी दिवस राहिलेत का याची लघवीची तपासणी करा.