पहिलं पान कुणाचं?

हायस्कूलच्या स्मरणिकेचं पहिलं पान कुणाला द्यायचं, यावरून काल एसटी स्टँडसमोरच्या पारावर जुंपली. हर्णैची शेवटची गाडी निघून गेली तरी कुणी उठलं नाही.

नानांचं म्हणणं पक्कं होतं. "अरे, दापोली तालुक्यात जन्म काढलात आणि विचारताय काय? महर्षी कर्वे मुरूडचे, १९५८ सालचे भारतरत्न. पां. वा. काणे दापोलीच्या मिशन हायस्कुलातून १८९७ ला मॅट्रिक झाले, १९६३ ला तेही भारतरत्न. पालगडचे साने गुरुजी दापोलीतच शिकले. हे तिघे छापा. मुंबईकर मंडळी बघतील, पावत्या फाडतील. निसर्ग वादळानं २०२० साली नेलेले शाळेचे पत्रे अजून धड बसलेले नाहीत, आठवतंय ना?"

"पण नाना, यातला एकही आपल्या शाळेत नव्हता," भाऊ म्हणाला. "आपली शाळा गिरणीकामगारांच्या वर्गणीवर उभी राहिली. गावातल्या बाप्यांनी परळ-लालबागच्या खोल्यांतून मनिऑर्डरी केल्या, बायांनी चिरे वाहिले. त्यांचे फोटो कुणाकडे आहेत?"

मास्तर एवढा वेळ गप्प होते. पस्तीस वर्षं त्याच शाळेत गणित शिकवलेला माणूस. ते म्हणाले, "कर्वे छापायचे तर त्यांची पायपीट छापा. परीक्षेला बसायचं म्हणून हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला पायी गेला. भर पावसात, शंभरावर मैल. आणि तिथं साहेबानं वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आपल्याकडच्या शिक्षणाची गोष्ट ही आहे. शाळा लांब, आणि दारात कुणीतरी उभा."

'दारात कुणीतरी उभा' ऐकलं आणि मला राहवेना. मी म्हटलं, मग दापोलीची पडवी पहिल्या पानावर घ्या. १८९० नंतरच्या त्या वर्षांत दापोली कॅम्पातल्या पेन्शनर महार सैनिकांनी, आमच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या, म्हणून अर्जांवर अर्ज केले. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेली माणसं ती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर त्याच दापोलीत राहून लिहीत होते, १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' काढलं. अखेर पोरांना शाळेत घेतलं, पण बसवलं पडवीत. पुढं १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला, सरकारी शाळा-पाणवठे सर्वांना खुले, तरी पडवी काही एका ठरावानं सुटली नाही.

"ती प्राथमिक शाळा होती," नाना तटकन म्हणाले. "आणि उत्सवाच्या अंकात जुनं उकरून काढायचं?"

आमचा रिक्षावाला दोस्त बौद्धवाडीतला. तो हँडलवर कोपर टेकून म्हणाला, "नाना, पडवीतून फळा दिसत नाही. आमचा पणजा सांगायचा म्हणे, श्रावणात पागोळ्या लागल्या की मास्तरांचा शब्दसुद्धा ऐकू यायचा नाही. मग आतल्या पोरांचे ओठ बघून पाढे पाठ करायचे. आजा त्याच पाढ्यांवर मुंबईला गोदीत मुकादमाच्या हाताखाली लागला. आमच्या घरातला पहिला पगार, आणि त्याची पहिली मनिऑर्डर शाळेला गेली. हे उकरणं आहे?"

नाना काही बोलले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. ते वाईट मनाचे नाहीत, हे इथं लिहिलंच पाहिजे. वादळानंतर पहिली ताडपत्री शाळेवर त्यांनीच टाकली.

एवढ्यात चहाच्या टपरीवरच्या काकींनी पातेलं उतरवलं. "सगळ्यांची पानं ठरली, बायांचं कुठलं पान रे? मी सातवीला दुसरी आले. हायस्कूल खाडीपलीकडे. खाडी ओलांडायला तरीचे, होडीचे पैसे भावापुरतेच होते. तो नववीला नापास झाला, पण गेला. मी इथं." बोलता बोलता त्यांनी कप विसळले, चारही, एकेक करून. कुणाचा आवाज निघाला नाही.

मग मास्तरांनीच सांगितलं. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात शेवटी एक रकाना असतो, शाळा सोडल्याचे कारण. जुन्या रजिस्टरात मुलींच्या नावापुढे ओळीनं एकच शब्द, 'घरकाम'. मुलांपुढे 'मुंबईस गेला'. पानंच्या पानं.

माझं मत तिथंच पक्कं झालं. शाळेचा इतिहास त्या रकान्यात आहे. हायस्कूलच्या पटावर आलेल्यांइतकाच तो न पोचलेल्यांचाही आहे, आणि पोचलेले कसे पोचले याचाही. आम्ही साकवावरून एकमेकांचे हात धरून वहाळ ओलांडायचो. दप्तर डोक्यावर, चपला हातात. वर्गात शिरलो की पहिला तास ओल्या कपड्यांच्या वासात जायचा. दहावीच्या मार्चात शिमगा, बाहेर पालखी नाचतेय, ढोल वाजतायत आणि आम्ही कंदिलाखाली भूमिती घोकतोय. ही धडपड कुणाच्याही फोटोपेक्षा मला मोठी वाटते. कोकण बोर्ड निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, ते याच धडपडीतून, असं मी मानतो.

भाऊचा मुद्दा मात्र पोटात खड्डा पाडणारा होता. "पहिल्या पानावर काहीही छापा. शेवटचं पान कधी येईल ते बोला. यंदा आठवीला अकरा पोरं आहेत. सकाळी पिवळी गाडी येते, वाडीतली निम्मी पोरं इंग्रजी माध्यमाला जातात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे सरकार पटावरून पदं ठरवतं तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, शिक्षक गेला की उरलेलेही जातात. मग कुठल्या शाळेची स्मरणिका?"

याला उत्तर कुणाकडे नव्हतं. मास्तर तेवढं म्हणाले, "पट वाढवायचा तर वाडीवाडीत जायला लागेल. मी येतो."

नाना उठले. पिशवीतून स्मरणिकेची डमी काढली, कर्वे-काणे-गुरुजींचे फोटो चौथ्या पानावर सरकवले आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, 'रजिस्टर'. मग काकींना म्हणाले, "तुझं शाळेतलं नाव सांग गो. माहेरचं. आणि सातवीचं साल."