मागच्या रांगेतली माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

पेपरात छापून आलेल्या जुन्या फोटोंमधून ब्रिटनचा समाज कसा दिसतो यावर मी लेख लिहिला होता. त्यावरच्या प्रतिक्रियेतलं ‘पेपरातल्या फोटोंवरून ब्रिटनचा समाज ओळखायचा म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून संसार ओळखण्यासारखी गत’ हे तुमचं वाक्य वाचून आधी हसले आणि मग दोन दिवस काही लिहिलंच नाही. तीस वर्षं साताऱ्यात लग्नांचे फोटो काढलेला माणूस हे म्हणतोय म्हटल्यावर ते झटकून टाकता येईना.

तुमचे आक्षेप दोन. एक, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यानंतर ढिगाऱ्यातून दूध घेऊन चाललेल्या दूधवाल्याचा फोटो जुळवून आणलेला होता आणि मी तो खरा म्हणून दाखवला. दोन, लंडनच्या लॉर्ड्स क्रिकेट मैदानाबाहेर उभ्या असलेल्या, दोन टॉप हॅटवाल्या आणि तीन साध्या कपड्यांतल्या, अशा पाच पोरांच्या एका फोटोवरून मी अख्ख्या देशातली उच्चनीचता सांगून मोकळी झाले.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. फ्रेड मॉर्ली यांनी तो फोटो लंडनमध्ये ९ ऑक्टोबर १९४० ला काढला. त्यातला दूधवाला म्हणजे त्यांचाच मदतनीस, अंगात उसना पांढरा कोट आणि हातात उसना बाटल्यांचा क्रेट, असं सांगतात. मला हे ठाऊक होतं. लेखाचा ओघ तुटेल म्हणून मी ते गाळलं, आणि ते चुकलंच. पण काका, त्याच्या मागे पाण्याचे पाइप घेऊन उभे असलेले अग्निशमन दलाचे लोक आणि पडलेल्या घरांचा ढिगारा, हे कुणी मांडून ठेवलेलं नव्हतं. नुसत्या ढिगाऱ्याचे फोटो छापायला युद्धकाळातला सरकारी सेन्सॉर सहज परवानगी देत नव्हता. त्यात दूधवाला आला आणि चित्र छापण्याजोगं झालं. सकाळी दारात दुधाची बाटली आली म्हणजे जग ठिकाणावर आहे, एवढं त्या शहरातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं, म्हणूनच मॉर्लींना ती युक्ती सुचली असणार. तुम्हीही नवरीला मुद्दाम तुळशीपाशी उभं करत असाल. ती पोज तुमची, पण अंगणात तुळस असते हे तर खरं ना?

आता लॉर्ड्स. इथे तुमच्याही नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगते. टॉप हॅट घातलेली ती दोन मुलं मी ‘ईटनची’ लिहिली होती. ती हॅरोची. दोन्ही श्रीमंतांच्या मुलांच्या नामांकित शाळा. ९ जुलै १९३७, ईटन विरुद्ध हॅरो सामन्याचा पहिला दिवस. जिमी साइम यांनी फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी ‘न्यूज क्रॉनिकल’ने तो छापला. तेव्हापासून इंग्लंडात गरीब-श्रीमंत हा विषय निघाला की हाच फोटो लावायचा, असा रिवाज पडून गेला. शेजारची तीन पोरं गरिबाघरची उनाड म्हणून ओळखली गेली. प्रत्यक्षात ती जवळच्याच शाळेतली. सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. उरलेल्या दिवसाला दांडी मारून सामन्याला येणाऱ्यांच्या बॅगा उचलायच्या आणि चार पैसे मिळवायचे, असा त्यांचा बेत. त्यांचे कपडे नीट बघा. फाटके नाहीत, नुसती गळ्याची बटणं उघडी आहेत. हॅरोची दोघं एकाच्या घरी सुट्टीला न्यायला येणाऱ्या मोटारीची वाट बघत होती आणि मोटारीला उशीर झाला होता.

त्या दोघांपैकी एकाचे वडील लष्करात, नेमणूक हिंदुस्थानात. पुढच्याच वर्षी मुलगा आईवडिलांकडे आला आणि सिकंदराबादजवळ तिरुमलगिरीत घटसर्पाने गेला. वय सोळा. बॅगा उचलणारी तिन्ही पोरं मात्र म्हातारपणापर्यंत जगली. हे कळल्यावर मला तो फोटो पहिल्यासारखा बघताच येईना. आपण त्यात कुंडली शोधत होतो, आणि त्यात होती एक उशिरा आलेली गाडी. तरीही शाळा बुडवून बॅगा उचलायला आलेली मुलं कुठली आणि ज्यांच्या बॅगा उचलायच्या ती कुठली, हा फरक साइमने काही आपल्या पदरचा घातला नव्हता. तेवढ्यावर मी ठाम आहे.

‘पिक्चर पोस्ट’ या सचित्र साप्ताहिकाचे फोटोग्राफर बर्ट हार्डी यांचा, ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी कठड्यावर बसलेल्या दोन मुलींचा फोटो (१९५१) मी लेखात घेतला नव्हता, पण तुम्हाला आवडेल. भारी कॅमेऱ्यावाचून अडत नाही हे दाखवायला त्यांनी तो साध्या बॉक्स कॅमेऱ्यावर काढला. सुट्टीला आलेल्या मैत्रिणी म्हणून तो गाजला, आणि त्यातली एक तर तिथल्याच रंगमंचावर नाचणारी नर्तिका. घ्या, आणखी एक तुमच्या बाजूने!

‘बदल कुठे दिसतो?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्याला माझं उत्तर जयाबेन देसाई, लंडनमधल्या एका गाजलेल्या संपाच्या पुढारी. ऑगस्ट १९७६, उत्तर लंडनमधली ग्रनविक नावाची फोटो लॅब. लोक सुट्टीतले रोल पोस्टाने पाठवायचे आणि तिथे ते धुऊन, प्रिंट काढून परत जायचे. कामावर बहुतेक बायका, त्यातल्या अनेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती. सक्तीच्या ओव्हरटाइमवरून जयाबेन बाहेर पडल्या. युनियनला मान्यता द्या यासाठी संप जुलै १९७८ पर्यंत चालला. खाणकामगार पाठिंब्याला आले, पोस्टमननी लॅबची टपाल अडवली, तरी संप हरला. पेपरांनी उचलून धरली ती संपकरी बायकांची साडी. फोटोत पाच फुटांहून ठेंगणी बाई, हातात पर्स आणि समोर पोलिसांची रांग. आत टॉयलेटला जायलाही परवानगी मागावी लागायची, हे त्या फोटोत कुठून दिसणार? पण १९३७ च्या पेपरात ही बाई फोटोच्या मध्यभागी कुणी उभी केली असती, सांगा बघू.

अल्बमबद्दल म्हणाल, तर मी अल्बमसुद्धा असाच बघते. खुर्चीवर कोण, मागे टाचा उंचावून कोण, कडेला अर्धा कापलेला कोण. ‘पिक्चर पोस्ट’ १९३८ ते १९५७ एवढंच चाललं. पण त्याचा फोटोसंग्रह टिकला, पुढे बीबीसीकडे गेला आणि १९९६ मध्ये गेटी या फोटो पुरवणाऱ्या कंपनीने विकत घेतला. छापलेला फोटो संपादकाने निवडलेला असतो. मला त्याच्या मागचापुढचा, टाकून दिलेला बघायचा असतो.

तुमच्या पोटमाळ्यावर निगेटिव्हची दोन खोकी आहेत आणि दिवाळीच्या साफसफाईत ती टाकून देणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबा. ज्या प्रिंट गिऱ्हाइकांनी घेतल्याच नाहीत, त्यांचेही रोल त्यात असतील ना? मी चोवीस तारखेला साताऱ्यात आहे. चालणार असेल तर सकाळी येते.