डायमंड, 3 नग

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घरापुढे काळ्या दगडाची एक पायरी आहे, आजोबांच्याही आधीची. तिच्यावर बसून चार पिढ्यांनी दात घासले, शेंगा फोडल्या, शेजारची भांडणं ऐकली. तिनं कधी कुणाचं काही वाकडं केलं नाही. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही नवं लोखंडी गेट बसवलं आणि ते पायरीच्या कोपऱ्याला अडकायला लागलं. अडत होतं दोनच इंच. गेट निम्मं उघडायचं, ठण्ण करायचं, आणि स्कूटर रात्रभर रस्त्यावर.

"वेल्डरला बोलवा," बायको म्हणाली. "गेटचा खालचा कोपरा तिरका कापून देईल. दहा मिनिटांचं काम."

सल्ला बरोबर होता हे मी आज मान्य करतो. पण मेहुण्याचा चार इंची ग्राइंडर, म्हणजे चकती फिरवून कापायचं मशीन, दिवाळीपासून आमच्या माळ्यावर पडून होता, आणि ज्याच्या माळ्यावर ग्राइंडर असतो त्याला वेल्डरचे उपाय पटत नाहीत. तरी एका पाथरवट मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी पायरीवर बोटांनी टकटक केलं, "जुना माल हाय," म्हणाले, आणि अक्षय तृतीयेनंतर येतो म्हणून गेले. कुठल्या वर्षीच्या, ते काही बोलले नाहीत.

हार्डवेअरच्या दुकानात त्या दिवशी मालक नव्हते. पोऱ्या होता. "चार इंची ब्लेड दे, दगडाचं," असं मी म्हणालो तेव्हा मला वाटलं होतं की वाक्य पूर्ण झालं. पोऱ्यानं काउंटरवर पाच ब्लेडं पसरली. इथे पहिला धडा: चार इंच म्हणजे शाळेत 101.6 मिलिमीटर. दुकानात चार इंच म्हटलं की 105 मिळतं आणि लक्ष नसलं तर 110, जे माझ्या ग्राइंडरच्या गार्डमध्ये, म्हणजे चकतीवरच्या संरक्षक झाकणात, शिरायलाच तयार नसतं. एका ब्लेडची कड अखंड, गुळगुळीत होती. एकाची नागमोडी, तिला टर्बो म्हणतात. बाकीच्यांच्या कडेला ठरावीक अंतरावर खाचा होत्या. त्या बघून मला वाटलं, परत आलेला माल माझ्या गळ्यात मारतोय.

"हे फुटलेलं नको," मी म्हणालो आणि गुळगुळीत कडेचं घेतलं. 120 रुपये.

घरी मी 'डायमंड' हा शब्द उच्चारलाच नाही. पाकिटावर तो ठळक छापलेला होता, म्हणून पाकीट दुकानाबाहेरच्या कचऱ्यात टाकलं आणि घरी नुसती 'चकती' आणली. पंचवीस वर्षांच्या संसारात काही शब्द जपून वापरावे लागतात. वास्तविक घाबरण्यासारखं त्यात काही नाही. चकतीच्या कडेत बसवलेले हे हिरे खाणीतले नसतात, कारखान्यातले असतात. 1954 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा खात्रीनं बनवता आले, म्हणून तर आज 120 रुपयांत मिळतात. पण हा खुलासा घरात करायचा म्हणजे आधी तो शब्द उच्चारायला हवा.

चकती बसवताना कळलं की तिचं भोक 20 मिलिमीटरचं आहे आणि ग्राइंडरवर ती जिथे बसते तो उंचवटा 16 चा. मधली जागा भरायला एक बारीक रिंग येते. ती नसली की चकती एका बाजूला सरकून बसते, आणि मिनिटाला अकरा हजार फेरे मारणारी गोष्ट एका बाजूला सरकून बसलेली कुणालाच नको असते. रिंग पाकिटातून काढल्याचं आठवत होतं. खिसे पाहिले, फरशी पाहिली, पिशवी उलटी केली. शेवटी ती धाकटीच्या बोटात सापडली. अगदी मापात बसली होती. काढून घेताना तिनं जो गळा काढला, तो नंतरच्या ग्राइंडरच्या आवाजापेक्षा लांब ऐकू गेला.

चष्मा लावला, मास्क लावला, लांब बाह्यांचा शर्ट चढवला आणि भर दुपारी चारला, बेचाळीस अंश तापमानात, पायरीपुढे उकिडवा बसलो. चार मिनिटांत तांदळाच्या दाण्याएवढी खोल रेघ पडली. मग चकतीची कड निळी झाली, आवाज बदलला आणि ती डुलायला लागली.

समोरचे काका बनियनवर बाहेर आले. "काय करलालाव ओ? मला वाटलं मोटार जळाली."

"पायरी कापतोय."

"मग पाणी मारा की."

काकांचं तत्त्व बरोबर होतं. अखंड कडेची चकती मुळात टाइल आणि मार्बलसाठी, पाण्याबरोबर चालवायची. म्हणून तर तिचा काप गुळगुळीत येतो. मात्र पाणी सोडायची सोय मार्बल कटरला असते. ग्राइंडर बाजूच्या फटींतून हवा आत ओढतो, त्याच्याशेजारी पाणी खेळवलं तर शॉक बसून पायरीऐवजी मीच कापला गेलो असतो. आणि तो मुद्दा बाजूला ठेवला तरी, आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. "आज तिसरा दिवस," बायकोनं खिडकीतून एवढंच सांगितलं आणि पिंपावर झाकण ठेवल्याचा आवाज मला ऐकू येईल अशा बेतानं झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान, पुन्हा पोऱ्या. आता मला एवढं कळलं होतं की त्या खाचा म्हणजे तूट नव्हे; त्यांतून हवा खेळते, भुकटी बाहेर पडते, आणि कोरडं कापायचं तर असंच ब्लेड लागतं. चकती हवेनं गार होते म्हणतात. सोलापुरात एप्रिलमध्ये हवेनं काहीही गार होत नाही, पण ते असो. "सगळ्यात कडक असेल ते दे," मी म्हणालो. दगड कडक, तेव्हा ब्लेड त्याहून कडक. यात चूक काय? त्यानं काँक्रीटचं दिलं. 380 रुपये. याही पाकिटातून एक रिंग निघाली. ती धाकटीला देऊन कालचं भांडण मिटवलं.

पहिला अर्धा इंच असा कापला गेला की मी काकांकडे वळून बघितलं. त्यानंतर चकती नुसती किंचाळायला लागली. दाबलं, ठिणग्या उडाल्या. अजून दाबलं, अजून ठिणग्या. धूळ मात्र येईना. थांबून बघितलं तर चकतीच्या कडेचे तुकडे आरशासारखे चकचकीत झाले होते. पायरी होती तशीच. सोलापूर ज्या काळ्या दगडावर वसलंय तो म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला लाव्हा. त्याला कुणी घाई केलेली नव्हती.

तिसऱ्या खेपेला मालक होते. दुकानात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि पोऱ्याशी दोन्ही. माझं चकचकीत ब्लेड त्यांनी अंगठ्यानं चाचपलं आणि दोन दिवसांत मला कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला.

"काय कापलालाव?"

"पायरी. काळा दगड."

"मग हे कशाला नेलं? हे त्याच्यासाठी लैच कडक."

मी म्हणालो, अण्णा, दगडच कडक आहे. अण्णांनी गल्ल्याशेजारच्या बरणीतून शेंगदाण्याच्या चिक्कीची एक वडी काढली. शेंगदाणे म्हणजे हिरे, गूळ म्हणजे धातूची भुकटी. ब्लेडच्या कडेला हेच असतं. हिरा सुरीसारखा कापत नाही, घासतो. घासून घासून वरचा शेंगदाणा बोथट झाला की त्याच्याभोवतीचा गूळ झिजायला पाहिजे, म्हणजे तो गळून पडतो आणि खालचा ताजा वर येतो. काँक्रीटमध्ये वाळू असते, ती गूळ भराभरा खाते, म्हणून तिथे पाक कडक लागतो, नाहीतर ब्लेड दोन दिवसांत संपेल. काळा दगड आणि ग्रॅनाइट यांची भुकटी बारीक. ती गुळाला हातच लावत नाही. पाक कडक असला तर बोथट शेंगदाणे जागचे हलत नाहीत, ताजे वर येत नाहीत, आणि ब्लेड नुसतं पॉलिश होतं.

"म्हणून कडक दगडाला मऊ ब्लेड," अण्णा म्हणाले, "आणि मऊ, खरखरीत दगडाला कडक." मग चिक्की तोंडात टाकली.

मला हे पटायला वेळ लागला. मी आयुष्यभर उलटं करत आलो होतो, आणि फक्त दगडांच्या बाबतीत नाही. पण दुकानात गर्दी होती.

चकचकीत झालेल्या ब्लेडवर त्यांनी उपायही सांगितला. जुन्या विटेत नाहीतर वाळूच्या दगडात चार-पाच वेळा चालवायचं. गूळ खरवडला जातो, हिरे उघडे पडतात. घरी करून बघितलं. विटेतून ते लोण्यासारखं गेलं, पायरीवर दहा मिनिटं चाललं आणि पुन्हा आरसा झालं. स्वभावाला औषध नाही तसं पाकालाही नाही. तेव्हा अण्णांकडचं ग्रॅनाइटचं, मऊ पाकाचं ब्लेड आणावंच लागलं. 310 रुपये. रिंग धाकटीनं दारातच हात पुढे करून घेतली.

हे ब्लेड चाललं. ब्लेडवरच्या बाणाची दिशा बघून बसवलं, गार्ड काढला नाही, दाबलं नाही. नुसतं ग्राइंडरचं वजन. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, मग उचलून हवेत अर्धा मिनिट मोकळं फिरवायचं. ओळ सरळ ठेवायची, कारण तिरकं केलं तर चकती वाकते नाहीतर अडकून हाताला हिसका बसतो. धूळ एवढी उडाली की काकांनी घरात जाऊन खिडकी लावून घेतली आणि मग खिडकीतूनच सूचना दिल्या. मास्क मी शेवटपर्यंत काढला नाही. दगडाची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. ज्यांचं पोट या धंद्यावर आहे त्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, आणि मी तर हौशी होतो. दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास छिन्नीचा एक हलका ठोका दिला आणि कोपरा टक्कन सुटला. गेट उघडलं, भिंतीपर्यंत.

ग्राइंडर मेहुण्याचा, तेव्हा ब्लेडचे निम्मे पैसे त्यानं द्यावेत असा माझा हिशोब होता. (तो त्याला अजून पटलेला नाही.) त्यासाठी मी अण्णांकडून तिन्हींचं मिळून एक बिल लिहून घेतलं, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि विसरलो. रविवारी बायकोनं धुण्यासाठी शर्ट उचलला.

ती बिल घेऊन बाहेरच्या खोलीत आली. तिनं ते मोठ्यानं वाचलं. "डायमंड, 3 नग. 810 रुपये." मग चष्मा वर सरकवला. "कुणासाठी?"

"पायरीसाठी."

ती दारापर्यंत गेली. पायरीकडे बघितलं, गेट एकदा उघडून मिटून बघितलं, परत आली. काही बोलणार एवढ्यात आतून धाकटी धावत आली आणि दोन्ही हातांची बोटं पसरून उभी राहिली.

"आई, मला दोन मिळाले!"