वाघ इलो!

निवृत्तीनंतर मुंबई सोडून कुडाळजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा परसात आपल्यापुरती भाजी पिकवायची एवढंच डोक्यात होतं. मिरग लागला तशी पडवळ, शिराळी, भेंडी आणि तवसं पेरली. तवशावर, म्हणजे आमच्या गावठी काकडीवर, विशेष जीव. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटवीला घरचं तवसं टांगायचं, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं, आणि तिथेच चुकलं.

श्रावणात वेल माटवावर चढले आणि वानर कौलांवर.

वानर चोरतात हे ऐकून होतो. ते चव बघतात हे माहीत नव्हतं. टोळीतला हुप्प्या न्हाणीघरावर बसतो, कोवळं तवसं दोन्ही हातांत कणसासारखं धरतो, एक घास घेतो, माझ्याकडे बघत सावकाश चावतो, उरलेलं खाली टाकतो आणि दुसरं तोडतो. बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. एकाही ऑडिटरनं माझ्याकडे इतक्या थंडपणे पाहिलं नव्हतं.

यायची वेळ ठरलेली. दुपारी जेवून जरा आडवा झालो की कौलं वाजलीच. "काकी, ह्यांका घड्याळ कळता काय?" मी शेजारच्या काकींना विचारलं.

"घड्याळ खंयचा? तुझा घोरणा आयकतत ते!"

डबे वाजवून झाले. जुन्या सीडी टांगल्या. बायकोच्या साड्या कुंपणाला बांधल्या. त्या रानडुकरांसाठी असतात, वानर वरून येतात, हे बांधून झाल्यावर कळलं. माझा सफारी घालून बुजगावणं उभं केलं. "तुमच्यापेक्षा जास्त वेळ उभं राहतं," एवढंच बायको म्हणाली. दगड मारावा तर १९७२चा वन्यजीव कायदा आडवा येतो. आणि कायद्याचं सोडा, शनिवारी मारुतीला नारळ देऊन आलेला हात रविवारी वानरावर उचलवत नाही.

मग आठवलं. दिल्लीत २०२३ साली जी-२० परिषद भरली, तेव्हा लाल तोंडाच्या माकडांना लांब ठेवायला काळ्या तोंडाच्या वानरांचे कटआउट उभे केले होते. म्हणजे माकडाला वानर. मग वानराला? वाघ!

बाजारातून कापसाचा वाघ आणला. चेहरा जरा हसरा होता, पण पट्टे चोख. गडग्यावर सुतळीनं बांधला आणि पडवीत दबा धरून बसलो. दुपारी टोळी आली, हुप्प्या थबकला आणि 'खक्, खक्, खक्' असा ओरडत शेंड्याला गेला. पाठोपाठ सगळे. माझी छाती फुगली.

पण वानराचं हे खकणं माझ्यापेक्षा वाडीला जास्त कळतं. बिबट्या दिसला की वानर असेच ओरडतात, आणि आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. "वाघ इलो! वाघ इलो!" करत अर्धी वाडी काठ्या-कोयते घेऊन माझ्या परसात घुसली. एकानं वनखात्याला फोन लावला होता, तो मी हातापाया पडून बंद करायला लावला. वाघ सापडला. काकींनी त्याचं नाक दाबून पाहिलं. त्या गडबडीत भेंडीचा वाफा भुईसपाट झाला आणि शिराळ्याचा माटव एका बाजूला कलला. वानरांनी महिनाभरात केली नसेल एवढी नासधूस माणसांनी दहा मिनिटांत केली.

तिसऱ्या दिवशी एक पिल्लू त्या वाघाच्या पाठीवर बसून त्याच्या कानातला कापूस उपसत होतं.

रात्रपाळी साळिंदराकडे असते. त्यानं सुरण उकरून नेला आणि पावती म्हणून एक काटा ठेवून गेला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन गुपचूप बाजारात गेलो. एका बाईकडे हिरवीगार, टवटवीत तवशी होती. एकावरही दाताची खूण नाही. राहवेना. विचारलं, "तुमच्याकडे वांदर नाय?"

"होते ओ," पिशवीत तवसं टाकत ती म्हणाली, "पण मिरगापासून सगळे पलीकडच्या वाडीत गेले. थंय म्हणे कोण मुंबैवालो इलोहा, तेंच्यासाठी माटव घालता."

सुटे परत न घेताच निघालो.